माडांचा कौल

देवबागची माडाची बाग विकायची की नाही, यावरून धनेश आणि त्याचा थोरला भाऊ बाळा यांचं बोलणं तुटलं होतं. शेवटी दोघे गावदेवीकडे कौल घ्यायला आले. हरिश्चंद्र गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पण त्याच्या प्रत्येक वाक्यामागे 'होय म्हाराजा' म्हणायला देवळात हे दोघेच होते. बाकी गाव मुंबईत.

गुरव देवीला कौलाच्या कळ्या लावायला वळला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धनेशने मध्येच फोन काढून त्यातला एआय सुरू केला.

"दगडाक इचारून काय कळतला? ह्यो खरोखर इचार करता, माणसासारखो." मग तो फोनला म्हणाला, "बाग विकतोय. बरोबर ना?"

"अगदी योग्य निर्णय! तुम्ही खूप विचारपूर्वक पाऊल उचलताय."

बाळाने फोन हिसकावला. "बापाशीन लावलेले माड विकूचे नाय. बरोबर मा?"

"अगदी बरोबर! वडिलांच्या कष्टांचं मोल तुम्हाला कळतं."

गुरवाचं डोकं फिरलं. कळ्या तशाच ताटात टाकून तो फोनवर खेकसला, "मेल्या, दोघांका होय म्हणतंस? तुका कायएक कळना नाय!"

"तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे!"

गुरवाने फोन बाळाच्या हातातून घेतला आणि सभामंडपाच्या खांबाला टेकवून ठेवला.

 

"धनेशा, ह्यो हंयच ठेवून जा. गाऱ्हाण्यात 'होय म्हाराजा' म्हणूक माणसां कमी पडतत."