भिकुबाईचं नाव

असोद्याला नवलच्या तिसऱ्या मुलीचं बारसं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे नवलच्या थोरल्या बहिणीचा, भिकुबाईचा. रीतीप्रमाणे बाळाच्या आधी पाळण्यावरून फिरवायचा वरवंटा कुंची घालून तिच्या हातात होता.

"अक्का, तुमचं नाव असं का ठेवलं?" बाळंतीण रूपानं विचारलं.

"माझ्याआधीच्या दोघी बहिणी आठवड्याच्या आत गेल्या. मग मायनं पदर पसरून मले मांगून घेतलं. म्हनून भिकू."

"देवानं ऐकलं हो," बायका म्हणाल्या.

तेवढ्यात नवल झोकांड्या खात आत आला. "तिसरी बी पोरगीच! विहिरीत टाकतो हिले," म्हणत त्यानं बाळाला एका पायाला धरून उचललं. रूपानं किंचाळत बाळ ओढून घेतलं आणि भिकुबाईनं वरवंटा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं साऱ्या बायकांनी ऐकलं.

"सख्ख्या भावाले मारते?" तो जमिनीवर लोळत ओरडला.

भिकुबाईनं वरवंट्याची कुंची सारखी केली.

 

"त्या दोघींले आपल्या बापानंच विहिरीत टाकलं व्हतं. मायनं मले देवाकडून नई, त्याचे पाय धरून मांगून घेतलं."