कोशात नसलेला अर्थ

"हा अर्थ कुठून उचललास?" शेवडे मॅडमनी रेश्माच्या प्रबंधातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'नेश' हा इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतला शब्द. जुन्या कवितांत तो कोवळ्या पालवीसाठी येतो, कादंबऱ्यांत थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाच्या चेष्टेसाठी. रेश्मानं मात्र लिहिलं होतं, मेंढपाळ तो नवजात कोकरासाठी मायेनं वापरतात. एकाही कोशात हे नव्हतं. नवापूरसारख्या लहान गावची ही पोर इतकं सफाईदार इंग्रजी स्वतः लिहीत असेल का, याचाच मॅडमना संशय होता.

"माझी मावशी तिकडे इंग्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात नर्स आहे," रेश्मा म्हणाली. "तिथल्या एका आजींनी सांगितलं."

"बरी सोयीची आजी सापडली."

रेश्मानं मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशीनं फोन त्या आजींपुढे धरला, पडद्यावर नव्वदीची म्हातारी आली. मॅडमनी शब्द विचारताच तिनं ओंजळ छातीशी नेली. "बाबा असलं कोकरू सदऱ्यात घालून आणायचे. 'नेश आहे गं, सांभाळ,' म्हणायचे." मग तिनं विचारलं, "रेश्मा, झालं का तुझं लिहून?"

मॅडमनी प्रबंध मिटला. वाङ्मयचौर्याची तक्रार त्यांनी सकाळीच विभागप्रमुखांकडे दिली होती.

"चल," त्या उठल्या. "तक्रार मी केली होती. चूक झाली, हेही मीच सांगते. तुझ्यासमोर."