खुराड्याच्या फळीचं दार

ओड्नीने केटिलच्या शेतावरच्या मोठ्या दगडापाशी आणून जेसीबी बंद केला आणि ती खाली उतरली.

"मी नाही हलवणार हा."

केटिलला वाटलं, बाई चेष्टा करतेय. ओड्नी त्याची शेजारीण. चर्चची पायरी न चढणारी, भुताखेतांना हसणारी. खोऱ्यातला निम्मा थिजलेला लाव्हा तिनेच उकरला होता.

"अगं, उन्हाळा तोंडावर आलाय. मोठी बस वळायला जागा झाली नाही, तर बसवाले पलीकडच्या शेतावर जातील. मग सूप काय मेंढ्यांना पाजू?"

"आत राहतात ना ते."

ते म्हणजे लपलेली माणसं. इथल्या दगडांत त्यांची घरं असतात, आणि घर मोडलं तर ती डूख धरतात. आइसलँडमध्ये कुणालाही विचारा, विश्वास आहे का म्हणून. हो कुणी म्हणत नाही. नाही म्हणायच्या आधी मात्र सगळेच जरा घुटमळतात.

केटिल घुटमळणाऱ्यांतला नव्हता, म्हणून तर त्याचा धंदा जमला. कोंबड्यांच्या खुराड्याची फळी कापून त्याने इवलंसं दार केलं, लाल रंगवलं, जुन्या कपाटाची पितळी मूठ लावली आणि दगडाला ठोकून दिलं. पहिल्या उन्हाळ्यात प्रवाशांना सांगितलं, आत एक जोडपं राहतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना मुलं झाली. गेल्या वर्षी थोरलीचं लग्नही त्याने उरकून टाकलं. प्रवासी दारापुढे गुडघे टेकून फोटो काढायचे आणि मग काकडत त्याच्याकडे मटणाचं सूप प्यायला यायचे. त्यांच्या बस वळणावर दिसेनाशा झाल्या की केटिल पोट धरून हसायचा.

"ओड्नी, डोकं फिरलंय का तुझं? ते दार मी बसवलंय! या हातांनी! उद्या दुसऱ्या दगडाला ठोकीन!"

"माहीत आहे की. रंगाचा डबा माझाच नेलास, अजून परत दिला नाहीस." ओड्नीने हातमोजे काढले. "दार तू बसवलंस रे. पण एवढं छान दार बघून आत कोण राहायला आलं, ते तुला काय माहीत?"

केटिल खो खो हसला.

"हस. किल्ली गाडीलाच आहे, तूच हलव," म्हणत ती त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला निघून गेली.

बायकांच्या नादी कोण लागतो! केटिल जेसीबीवर चढला. इंजिन सुरू केलं. पुढचं लोखंडी खोरं उचललं. खाली लाल दारावरची पितळी मूठ लखलखत होती. प्रवाशांचे हात लागून चकचकीत झाली असणार. पण गेला अख्खा हिवाळा इकडे कुणी फिरकलं नव्हतं.

खोरं तसंच हवेत राहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं.

ओड्नी खिडकीत नाही हे त्याने दोनदा पाहून घेतलं. खाली उतरून डोक्यावरची लोकरी टोपी काढली, गुडघे टेकले आणि दारावर हळूच टकटक केली.

"घरात आहात का? नाही, घाई नाही काही. सावकाश आवरा. बसवाल्यांना मी सांगतो थांबायला."