मुरलेली

स्वतःच्या लग्नापासून जिवापाड जपलेली रेड वाइनची बाटली सासऱ्यांनी आज एकदाची उघडली. पेला नाकाशी धरला, घोट जिभेवर घोळवला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! काय मुरलीय!"

सुनेला हसू आवरेना. ती स्वयंपाकघरात पळाली आणि सासूबाईंच्या कानात कुजबुजली, "आई, ओरडू नका हं. गेल्या महिन्यात तुम्ही दोघं घरी नव्हता ना, तेव्हा मीच ती संपवली आणि बाटलीत द्राक्षाचं सरबत भरून ठेवलं. अशी चढली म्हणून सांगू! पलंगावर उभी राहून गात होते मी!"

हसता हसता सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

 

"अगं वेडे, तू प्यायलीस तेसुद्धा सरबतच! माझ्या हातचं! उगाच का मी तुमच्या लग्नात तशी नाचले?"