सोळावं पोस्टर

मुलांनो, डोळे मिटा आणि कॉलेजचं एक लांबच लांब दालन समोर आणा. भिंतींवर चाळीस पोस्टरं, प्रत्येक पोस्टरशेजारी उभी एकेक मुलगी, आणि अख्ख्या दालनात खुर्च्या फक्त पाच. पाचही राखून ठेवलेल्या, पाहुण्या परीक्षकांसाठी. त्यांना पांढरी कव्हरं घातली आहेत. पाहुणे दोन तासांपासून 'एवढ्यात पोहोचतायत'.

सोळाव्या पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'पाळीआधीचे दिवस: त्रास ओळखा, स्वतःला जपा.' खाली कंबरदुखी, पोट फुगणं, चिडचिड, उगाच रडू येणं. त्याखाली उपाय: विश्रांती, थोडं थोडं खाणं, मोकळेपणानं बोलणं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीची पाळी दोन दिवसांवर आली आहे. सकाळपासून ती दोनदा रडली. त्यातलं एकदा, पेनाचं टोपण सापडेना म्हणून.

"केळं गिळ," सतराव्या पोस्टरशेजारची मैत्रीण म्हणाली. "आणि कालसारखी माझ्यावर खेकसू नकोस."

"खेकसत नाहीये मी!"

"नाही गं बाई. अंगाईच गातेयस."

कंबर अगदीच मोडायला आली, तेव्हा ती विभागप्रमुख सरांकडे गेली. सर खुर्च्यांच्या कव्हरांच्या सुरकुत्या काढत होते. मोठं काम होतं ते. दोन्ही हात गुंतले होते.

"सर, पाच मिनिटं बसू का? कंबर फार दुखतेय."

"का? आजारी आहेस?"

तिनं आपल्या पोस्टरकडे बोट दाखवलं. "सर, हेच होतंय."

सरांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "असलं चारचौघांत बोलायचं नसतं! आणि आमच्या वेळच्या मुलींना बरं कधी काही झालं नाही. मनाचे खेळ सगळे."

"पण सर, विश्रांती..."

"पोस्टरवर लिहिली आहेस ना? मग झालं तर. जागा सोडलीस की वीस गुण गेले म्हणून समज."

एवढं बोलून त्यांनी रुमालानं एक रिकामी खुर्ची झटकली.

तेवढ्यात पाहुणे आलेच. पुढे सर, तोंडभर हसू. मागे तीन परीक्षक, पोटाशी फायली धरलेले. सोळाव्या पोस्टरपाशी सर थांबले. आवाजात एकदम साय आली.

"हा आमच्या विभागाच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. हं, बाळ, सांग."

बाळानं पोस्टरच्या चारही टाचण्या काढल्या. पोस्टर भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर पुन्हा लावलं. मग त्याच जागी, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून ती फरशीवर बसली.

"पहिला त्रास, कंबरदुखी," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि चौघंही वाकेपर्यंत पुढे बोलली नाही.