दोनशे घरांचं मत

उन्हातान्हात दोनशे घरं कोण फिरणार, म्हणून नणंद-भावजयींनी सर्वेक्षणाचे दोनशे फॉर्म जेवणाच्या टेबलावरच भरून टाकले. पण काम चोख! मतदान यंत्रावर कुणाचा विश्वास, कुणाचा नाही. कोर्टावर कुणी खूश, कुणी भडकलेलं. मोबाइलने पोरं बिघडली, असं फक्त सासवांचं मत. पेनं चार प्रकारची. म्हाताऱ्यांची उत्तरं तर वहिनीने डाव्या हाताने लिहिली, अक्षर थरथरतं दिसावं म्हणून.

ऑफिसात साहेबांनी गठ्ठा चाळला. "वा! कुठल्याच दोन घरांचं मत जुळत नाही. याला म्हणतात काम." मग प्रत्येक फॉर्मचं शेवटचं पान पाहताना ते थबकले. "'अशा सर्वेक्षणांवर तुमचा विश्वास आहे का?' दोनशेच्या दोनशे 'नाही'?"

नणंदेने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने जीभ चावली. "तेवढं एकच उत्तर चुकून मनापासून लिहिलं गेलं, साहेब."

साहेब उठले. त्यांनी केबिनचं दार लोटलं, कपाटातून शेवटच्या पानाच्या चाळीस कोऱ्या प्रती काढल्या. "निदान चाळीस जणांचा तरी विश्वास बसायला हवा," असं म्हणत त्यांनी पेन सराईतपणे डाव्या हातात धरलं.