धपकन

आमच्या घरात बसण्यावरूनसुद्धा तुलना होते. मी सोफ्यावर बसले की आई ओरडणार, "धपकन काय बसतेस! ताई बघ, कशी अलगद बसते." ताई खरंच फूल ठेवावं तशी टेकते. पाहुणेही तिचं कौतुक करतात आणि माझा नुसता जळफळाट होतो. शेवटी मीही आरशासमोर अलगद बसायचा सराव सुरू केला होता, म्हणजे बघा!

एकदा सकाळी ताई संडासातून बाहेर आली. मी टोमणा मारला, "काय राणीसाहेब, आतसुद्धा अलगदच बसता वाटतं?"

ती रडायलाच लागली. "अगं, फिशर आहे मला. खाली जखम आहे, ती भरतच नाही. मलमं लावून कंटाळले. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन कर, पण आईला सांगायचं कुठल्या तोंडाने?"

मी तिच्या हातात टॉवेल दिला.

"आणि तू धपकन बसतेस ना, तेव्हा तुझा इतका हेवा वाटतो की तुला ढकलून द्यावंसं वाटतं."

"मग कर की ऑपरेशन! आईला मी सांगते."

तिने नाक पुसलं. "करते. मलाही बसायचंय एकदा तुझ्यासारखं."

ऑपरेशन होऊन आता बरेच दिवस झाले. आज जेवणाच्या वेळी खुर्ची जोरात करकरली. ओट्याकडे तोंड करून उभी असलेली आई नेहमीसारखी माझ्यावर खेकसली, "अगं, किती धपकन बसशील!"

मी तर अजून दारातच उभी होते.